घड्याळ तिसऱ्या टप्प्यात संपतं, चूक पहिल्या टप्प्यात झालेली असते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सेगा कंपनीचा गाडी चालवायचा जुना गेम 'आउटरन' निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर घेतला. दिसायला आणि ऐकायला झकास. पण पंधरा दिवस झाले, तिसऱ्या टप्प्याच्या पुढे जात नाही. गाडी कुठेतरी आपटते, उलटते, वेळ संपतो. चिडून बंद करतो आणि अर्ध्या तासाने परत लावून बसतो. चूक माझी की गेमची? आणि स्टिअरिंग घेतलं तर फरक पडेल का?"

चूक दोघांचीही आहे. पण तुम्ही समजताय ती तुमची चूक नव्हे, आणि गेमची खरी खोड भलतीकडेच आहे.

नव्वदच्या दशकात मी व्हिडिओ गेम पार्लरमधली मशीन दुरुस्त करायचो. नंतर धंदा बसला, पण हौस सुटली नाही. अजूनही रविवारी एखाद्या मशीनचं जुनं कॅबिनेट उघडून बसलेला असतो. त्यामुळे हा गेम मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय. समोरून स्टिअरिंग धरून, आणि मागचं दार काढून, सोल्डरिंग गन हातात घेऊन. मागच्या बाजूने पाहिलं की राग बराच कमी होतो.

आधी गोडी कशाची ते बोलू, कारण तीच तुम्हाला अर्ध्या तासाने परत ओढून आणतेय.

आउटरन १९८६ चा. सेगाच्या यू सुझुकी यांनी केलेला. त्यांच्या मनात शर्यतीचा गेम नव्हताच मुळी, गाडी चालवण्याचा होता. आधी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा प्रवास करायचा बेत होता, पण मग त्यांनी युरोप निवडला आणि स्वतः भाड्याची गाडी घेऊन तिकडे भटकून आले. फ्रँकफर्टहून निघून आल्प्स, फ्रान्सचा दक्षिण किनारा, मग इटली. फेरारी टेस्टारोसा त्यांना मोनॅकोत दिसली म्हणतात. गेममध्ये हे सगळं आहे: आल्प्स, द्राक्षाचे मळे, ऑटोबान, तळ्याकाठचा रस्ता. लाल उघडी गाडी, शेजारी मैत्रीण, आणि सुरुवातीला एक हात पुढे येऊन रेडिओचं बटण फिरवतो. तीन गाण्यांतलं एक निवडायचं. 'मॅजिकल साउंड शॉवर', 'पासिंग ब्रीझ', 'स्प्लॅश वेव्ह'. हे संगीत हिरोशी कावागुची यांचं. बाकीचे गेम तुम्हाला घाबरवून सुरू व्हायचे, हा तुम्हाला गाणं कुठलं लावू विचारून सुरू होतो. पहिला नंबर वगैरे भानगडच नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या बीटल, पोर्शे, कॉर्व्हेट आणि ट्रक तुमचे प्रतिस्पर्धी नाहीत, ते आपापल्या कामाला निघालेले लोक आहेत. तुम्हीच त्यांना कावलेले असता.

आणि पाच टप्पे सलग. मध्ये पडदा काळा होत नाही, "थांबा" म्हणून पाटी येत नाही. रस्त्याला फाटा फुटतो, तुम्ही डावीकडे किंवा उजवीकडे घुसता आणि आभाळाचा रंग हळूहळू बदलत पुढचा प्रदेश सुरू होतो. एका खेळात चार फाटे, म्हणजे रस्ते सोळा आणि शेवटचे मुक्काम पाच. कडेच्या मुक्कामाला जायला एकच वाट, मधल्याला सहा वाटा. डावीकडचा फाटा तुलनेने सोपा, उजवीकडचा अवघड. हे तुम्हाला कुणी सांगत नाही. पार्लरमध्ये मागे उभं राहून बघणाऱ्यांनी एकमेकांना सांगायचं, अशीच ती रीत होती.

आता मागचं दार काढू.

आत मोटोरोलाचे दोन ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी झेड-८० आणि यामाहाची चिप. आजच्या हिशेबाने चिल्लर. यावर त्रिमिती जग उभं करणं शक्य नव्हतं आणि सेगाने तसा प्रयत्नही केला नाही. पडद्यावर वरपासून खालपर्यंत २२४ आडव्या ओळी आहेत. रस्ता म्हणजे त्यातल्या खालच्या ओळींवर एकाखाली एक ठेवलेल्या आडव्या पट्ट्या, लांबच्या अरुंद आणि जवळच्या रुंद. वळण दाखवायचं तर वरच्या पट्ट्या बाजूला सरकवायच्या, चढ दाखवायचा तर त्या वर-खाली दाबायच्या. झाड, पाटी, दगडाची कमान, समोरचा ट्रक ही सगळी सपाट चित्रं, जवळ येतील तशी चिप त्यांना मोठी करत जाते. सेगा याला सुपर स्केलर म्हणायची. १९८५ च्या हँग-ऑन आणि स्पेस हॅरियरमध्ये हीच करामत होती, आउटरनमध्ये ती परिपूर्ण झाली. सपाट पुठ्ठ्याची झाडं, पण २९३ च्या वेगाने अंगावर येतात तेव्हा आपण खरंच मान बाजूला घेतो.

इथेच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. वळणावर तुमची गाडी वळतच नसते. ती पडद्याच्या तळाशी मधोमध बसून असते आणि रस्ता तिच्याखालून सरकतो. वळण जितकं तीव्र आणि वेग जितका जास्त, तितकी ती बाहेरच्या कडेला लोटली जाते. तुमचं स्टिअरिंग म्हणजे त्या लोटण्याला दिलेला उलटा रेटा. टायरची पकड, गाडीचं वजन, सस्पेन्शन असलं काही आत नाहीच. आजच्या गेमची सवय असलेला माणूस वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारतो, आत वळतो, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर देतो. इथे ती सगळी विद्या वाया. इथे एकच हिशेब आहे: वळण सुरू होण्याआधी मी आतल्या कडेला होतो का? असलो, तर लोटत लोटत बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत वळण संपलेलं असतं. मधोमध असलो, तर वळण संपायच्या आत मी गवतात.

गवतात गेलं तरी फारसं बिघडत नाही, वेग पडतो इतकंच. बिघडतं ते झाडाशी. वेगात झाडाला किंवा पाटीला धडकलात की गाडी हवेत उडते, दोघं रस्त्यावर फेकली जातात, मग सावकाश सगळं जागेवर येतं आणि तुम्ही शून्यापासून निघता. हा सगळा तमाशा आणि परत वेग धरणं मिळून सात-आठ सेकंद सहज जातात. उलट, धोका दिसताक्षणी पाय अर्धा सेकंद उचलला असता तर एखादा सेकंद गेला असता. हे गणित डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, कारण उरलेला वेळ पुढच्या टप्प्यात जमा होतो. नेहमीच्या सेटिंगला पहिल्या टप्प्यासाठी ७५ सेकंद मिळतात आणि पहिला टप्पा सोपा असतो. तिथे एकदा आपटूनसुद्धा चेकपॉइंट, म्हणजे टप्प्याची शेवटची रेघ, गाठता येतो, आणि म्हणून माणसाला वाटतं, ठीक चाललंय. ठीक चाललेलं नसतं. त्या सात सेकंदांचं बिल तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी येतं, चेकपॉइंट समोर दिसत असताना. तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर चिडता, पण तिथली तुमची गाडी बहुतेक बरीच चाललेली असते.

आता चिडचिडीचं मूळ. ही माझी ठाम समजूत आहे आणि ती मागच्या दाराशीच तयार झालीय.

बोर्डवर दोन छोट्या स्विचपट्ट्या असतात, डिप स्विच. एका पट्टीत आठ बारीक कळा, पेनाच्या टोकाने वर-खाली करायच्या. एक पट्टी कितीच्या नाण्याला किती खेळ हे ठरवते. दुसरीत दोन कळा वेळेच्या आहेत आणि दोन रस्त्यावरच्या गाड्यांच्या. दोन कळांनी चार पायऱ्या: सोपं, नेहमीचं, अवघड, फार अवघड. म्हणजे किती सेकंदांत तुमचा खेळ संपावा, हे गेम बनवणाऱ्याने पार्लरमालकाच्या बोटावर सोडलं होतं.

एका पार्लरमध्ये आउटरनचं उभं मशीन होतं, कुठूनतरी तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेलं. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, "मशीनला काही झालेलं नाही. तेवढी पोरांची वेळ कमी करून द्या. एक पोरगा एका टोकनवर सहा मिनिटं बसतो, मागे रांग लागते." मी पेनाचं टोक घालून दोन कळा सरकवल्या. पाच सेकंद कमी झाले फक्त, पहिल्या टप्प्यात ७५ चे ७०. आठवडाभर त्या मशीनपुढे मी जितकी हताश तोंडं पाहिली, तितकी एरवी वर्षात पाहिली नसतील. कुणालाही कळलं नाही की काय बदललं. सगळे म्हणत होते, आज हात बसत नाहीये.

तुम्ही जे भोगताय ते हेच. हा गेम सुंदर आहे तो तुम्ही बसावं म्हणून, आणि कडक आहे तो तुम्ही उठावं म्हणून. दोन्ही एकाच हाताने केलंय. ते घड्याळ म्हणजे रिक्षाचं मीटर. घरी, विकत घेतलेल्या गेममध्ये त्या मीटरचं खरं काम संपलंय, पण ते चालूच आहे. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन वेळ 'सोपं' वर ठेवायला अजिबात लाजू नका. ७५ चे ८० होतील. मूळ गेमची ती विटंबना नाही, मूळ गेममध्येच ती कळ होती. नवशिक्याला मी वेळ सोपी आणि गाड्या नेहमीच्या ठेवायला सांगतो. गाड्या कमी केल्या की रस्ता ओस पडतो आणि मजाच जाते.

आपल्याकडच्या नव्वदच्या पिढीच्या हातात याच जातीचा एक गेम होता, कोनामीचा रोड फायटर. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये तो असायचाच. कॅसेटला फुंकर मारायची, लावायची आणि सुटायचं. त्यात घड्याळाऐवजी पेट्रोल होतं आणि रस्ता वरून दिसायचा, त्यामुळे समोरून काय येतंय हे सरळ कळायचं. रोड फायटरवर हात घासलेले लोक आउटरनला बसले की एक गोष्ट हमखास चुकतात, तीच माझ्या भाच्याची चुकली.

भाचा इंजिनिअर आहे, चौकस आहे. माझ्याकडच्या मशीनवर बसला, आणि दुसऱ्या टप्प्यात चार वेळा एकाच दगडावर आपटला. मी बाजूला उभा राहून रस्त्याकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. डोळे लाल गाडीवर. स्वतःच्याच गाडीवर. रोड फायटरमध्ये ते चालतं, कारण तिथे गाडी आणि धोका एकाच मापाचे असतात. इथे धोका जन्माला येतो वर, क्षितिजाजवळ, दोन-चार ठिपक्यांएवढा, आणि खाली पोचेपर्यंत निर्णयाची वेळ गेलेली असते. मी काचेवर, पडद्याच्या साधारण वरच्या तिसऱ्या भागात, चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि म्हटलं, "याच्या खाली बघायचं नाही."

"मग मामा, गाडी कुठे आहे ते कसं कळणार?"

"ती कुठे जातेय? ती मधेच बसलीये."

पाचेक खेळांत तो चौथ्या टप्प्यात होता. तुमच्या टीव्हीवर चिकटपट्टी लावायची तर कागदी लावा, गोंद राहतो.

गियर दोनच आहेत, लो आणि हाय. सुटताना लो, दोनशेच्या अलीकडे हाय. नंतर बहुतेक लोक तो दांडा विसरूनच जातात. विसरू नका. अवघड वळणात ब्रेकपेक्षा क्षणभर लो टाकणं जास्त बेताचं पडतं. गर्दीत अडकलात तरी तेच. शिवाय एक जुनी चोरवाट आहे, जपानी खेळाडू तिला गियर गाचा म्हणतात: गाडी रस्त्याबाहेर गेली की लो-हाय पटकन फिरवत राहायचं, मग गवतातही वेग पडत नाही. ही खरं तर प्रोग्राममधली फट आहे. मोठे स्कोअर करणारे तिचा वापर बिनदिक्कत करतात. मला ती आवडत नाही, गाडी गवतातून तीनशेने पळताना बघून गंमतच जाते. पण चालते, हे खरं.

आता गेमची बाजू. काही गोष्टी खरोखर अन्यायाच्या आहेत आणि त्यांच्यापुढे कितीही सरावाचा उपयोग नाही, त्या पाठच करायला लागतात. चढाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि नेमका तिथेच ट्रक असतो. आडव्या पट्ट्यांच्या त्या युक्तीमुळे लांबच्या गाडीचं अंतर डोळ्यांना नीट कळत नाही: एक क्षण ती दूर आहे, दुसऱ्या क्षणी तुमच्या बोनेटवर. झाडाचं चित्र जेवढं दिसतं तेवढीच धडक लागते असंही नाही, एखादवेळी तुम्ही शपथेवर सांगाल की मी चुकवलं होतं. आणि दोन गाड्या शेजारी-शेजारी येऊन रस्ता बंद करतात तेव्हा मागे थांबण्याशिवाय मार्ग नसतो. अशा वेळी लोक फट शोधतात. फट नसते. पाय उचला, मोकळी होऊ द्या, मग जा. सगळ्यात जास्त खेळ मी या अधीरपणात संपलेले पाहिलेत.

यातला एक भाग मात्र गेमचा नसून तुमच्या घरातल्या टीव्हीचा असेल. जुन्या मशीनमध्ये काचेचा पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर होता. स्टिअरिंग हललं की चित्र हललं, मध्ये कुणी नाही. आजचा टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते थोडं उशिरा दाखवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि चालू करा. एवढ्यानेच अनेकांचा हात बसतो. दुसरं, दिशेच्या बटणांनी खेळू नका. आउटरनचं स्टिअरिंग मूळ मशीनमध्ये पोटेन्शिओमीटरवर चालायचं, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं, म्हणजे थोडं फिरवलं तर थोडं, जास्त फिरवलं तर जास्त. बटण म्हणजे एकदम पूर्ण किंवा काहीच नाही. कंट्रोलरवरच्या अंगठ्याने फिरवायच्या काडीने खेळा आणि ती शेवटपर्यंत ढकलायची सवय मोडा. माझ्याकडे मशीन एका बाजूला ओढतं अशी तक्रार यायची तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ असायची. पोरं आठवडेच्या आठवडे तिरक्या स्टिअरिंगवर खेळून स्वतःलाच दोष देत असायची. तुमच्या कंट्रोलरची काडी हात न लावता सरकत असेल तर तेही आधी तपासा.

तुमच्याकडे स्विचवरची आवृत्ती आहे ते चांगलंच झालं. एमटू या जपानी कंपनीने केलेल्या या आवृत्तीत चित्र रुंद पडद्यावर येतं आणि मूळ मशीनपेक्षा गुळगुळीत हलतं. शिवाय एकेका मुक्कामाला पोचलात की गाडीसाठी एकेक सुधारणा उघडते: कुणी पकड वाढवते, कुणी धडकेचा फटका कमी करते, कुणी रस्त्याबाहेरही वेग टिकवते. म्हणून सुरुवातीला उजवीकडच्या अवघड वाटेचा हट्ट सोडा. चारही फाट्यांना डावीकडे घ्या, एक मुक्काम गाठा, मिळालेली वस्तू लावा, मग पुढचा मुक्काम. गाडी मात्र तुम्हाला किंचित वेगळी वाटेल. मूळ गेमने फेरारीची रीतसर परवानगी घेतली नव्हती, म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत तिचं रूप थोडं बदलावं लागलं. पुढच्या काळातला आउटरन २००६ आणि आउटरन ऑनलाइन आर्केड हे तर रीतसर परवाना असूनही ऑनलाइन दुकानांतून गेले. असे गेम आवडत असतील तर विकत मिळतायत तोवर घेऊन ठेवावेत, एवढं मी शिकलोय.

फुकटचे अमर्याद खेळ ही घरच्या आवृत्तीची दुसरी पंचाईत. पार्लरमध्ये खिशात तीन टोकन असायची, म्हणून पहिल्या टप्प्यातही जीव लावून खेळलं जायचं. घरी पहिल्यांदा आपटलं की आपण लगेच नव्याने सुरू करतो, आणि त्यामुळे दुसरा, तिसरा टप्पा सरावातच येत नाही. मी घरी खेळतो तेव्हा टेबलावर तीन जुनी टोकन ठेवतो. आपटलो तरी तो खेळ घड्याळ संपेपर्यंत ओढायचा. तिन्ही संपली की उठायचं. बायको हसते, पण ती टोकन अजून जपून ठेवलीयेत, एका बाजूला भोक पाडलेली पितळी.

राहिला स्टिअरिंगचा प्रश्न. फक्त या एका गेमसाठी घेऊ नका. बाजारातली बरीच चांगली स्टिअरिंग ९०० अंशांत फिरतात, म्हणजे अडीच फेरे, खऱ्या गाडीसारखी. आउटरनचं मूळ चाक इतकं फिरतच नाही, थोड्या वळवण्यातच ते टोकाला टेकतं. ९०० अंशांच्या चाकावर हा गेम म्हणजे बैलगाडी. दुसऱ्या कुठल्या गेमसाठी स्टिअरिंग आधीच घरात असेल तर ते स्विचला चालतं का ते बघा, फिरण्याची मर्यादा २७० अंशांच्या आत आणा आणि टेबलाला घट्ट आवळा. आणि पेडल जमिनीवर सरकत असतील तर खाली योगासनांची जुनी चटई टाका, रबरी पायपुसण्यापेक्षा ती चांगली धरते.